युद्धाने बदललेली भूमी आणि भूगोलाचा तास

भूगोलाच्या वर्गात भिंतीवर टांगलेला नकाशा मोठा शांत असतो. नद्या निळ्या, डोंगर तपकिरी, मैदाने हिरवी आणि देशांच्या सीमा ठळक काळ्या रेषांनी आखलेल्या. वर्षानुवर्षे तोच नकाशा पाहून विद्यार्थ्यांची अशी समजूत होऊन बसते, की भूमी ही स्थिर वस्तू आहे. बदलतात ती केवळ राज्ये. वस्तुतः युद्ध हे सीमांइतकेच भूमीलाही बदलीत असते. ते नदीचे पाणी मोकळे सोडते, पिकती शेते पडीक पाडते, दलदलीचा प्रदेश कोरडा ठणठणीत करते आणि जेथे एके काळी गावे नांदत होती तेथे अरण्य उभे करते. हे बदल भिंतीवरील नकाशात उमटत नाहीत. उपग्रहांनी घेतलेल्या चित्रांत मात्र ते उमटतात, आणि तेही तारीखवार उमटतात.

ही चित्रे आता कोणत्याही शाळेला मिळू शकतात. तेव्हा भूगोलाच्या तासाला त्यांचा उपयोग कसा करावा, त्यांतून काय शिकता येते, आणि विशेषतः काय शिकता येत नाही, याचा आज थोडा विचार करू. हा विचार करण्याचे एक तातडीचे कारण आहे. युद्धाची चित्रे आपल्या मुलांना आज शोधावी लागत नाहीत. ती मोबाईलवर आपण होऊन येऊन धडकतात. एका देशाचे चित्र दुसऱ्याच्या नावाने फिरते, दहा वर्षांपूर्वीचे चित्र कालचे म्हणून खपवले जाते. मुले ती पाहणारच. पाहावे कसे, हे त्यांना कोणी शिकवावयाचे, एवढाच प्रश्न उरतो.

प्रथम उपग्रहचित्र म्हणजे काय, हे स्पष्ट करून घ्यावयास हवे. ते म्हणजे उंचावरून काढलेले छायाचित्र, अशी एक समजूत आहे; ती अर्धीच खरी होय. भूपृष्ठावरून परतणारा प्रकाश उपग्रह निरनिराळ्या पट्ट्यांत मोजतो: निळा किती, हिरवा किती, तांबडा किती, आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किती. या मापांचे कोष्टक म्हणजेच उपग्रहचित्र. त्याला रंग देण्याचे काम मागाहून माणसे करतात.

या अवरक्त प्रकाशाचा एक गुण फार उपयोगाचा आहे. टवटवीत हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणावर परत फेकते. स्वच्छ पाणी अवरक्त प्रकाश जवळजवळ सगळाच गिळून टाकते. समजा, एखाद्या पिकाने ५० टक्के अवरक्त आणि ८ टक्के तांबडा प्रकाश परतवला. या दोहोंच्या वजाबाकीला त्यांच्याच बेरजेने भागावे. म्हणजे ४२ भागिले ५८, उत्तर सुमारे ०.७२. उघड्या जमिनीने ३० व २२ टक्के प्रकाश परतवला, तर हेच उत्तर सुमारे ०.१५ येईल. पाण्याच्या बाबतीत ते बहुधा शून्याच्याही खाली जाते. या अंकाला वनस्पती-निर्देशांक म्हणतात. सातवी-आठवीतील विद्यार्थी हे गणित सहज करू शकतो, आणि ते एकदा त्याने हाताने केले, की चित्रातील रंग ही जादू न राहता मोजमाप होऊन बसते.

पृथ्वीचे असे नियमित मोजमाप करणारा लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह अमेरिकेने २३ जुलै १९७२ रोजी सोडला. त्याच्या चित्रातील प्रत्येक चौकोन, म्हणजे पिक्सेल, जमिनीवरील सुमारे ८० मीटर लांबीरुंदीचा होता. पुढील उपग्रहांत तो ३० मीटरांवर आला. युरोपच्या सेंटिनेल-२ या मालिकेतील पहिला उपग्रह २०१५ साली गेला; त्याचा सूक्ष्मतम चौकोन १० मीटरांचा आहे, आणि दोन उपग्रह मिळून तो प्रदेश साधारण दर पाच दिवसांनी पुन्हा पाहतात. भारताने आपल्या आयआरएस मालिकेतील पहिला दूरसंवेदन उपग्रह, आयआरएस-१ए, १७ मार्च १९८८ रोजी सोडला. लँडसॅटचा संपूर्ण संग्रह २००८ पासून विनामूल्य खुला झाला. सेंटिनेलची चित्रेही विनामूल्य मिळतात. याचा अर्थ असा, की पन्नासाहून अधिक वर्षांची पृथ्वीची रोजनिशी आज कोणत्याही खेड्यातील शिक्षकापुढे उघडी आहे.

आता एक प्रत्यक्ष धडा घेऊ. युक्रेनच्या दक्षिणेस नीपर नदीवर नोव्हा काखोव्हका या शहराजवळ एक मोठे धरण होते. ते १९५६ साली पुरे झाले. त्याच्यामागे साठलेला जलाशय सुमारे २,१५५ चौरस किलोमीटर पसरला होता. आपल्या जायकवाडीच्या नाथसागराच्या जवळजवळ सहापट. या पाण्यावर खेरसोनची शेते पिकत, क्रिमियाकडे जाणारा कालवा वाहत असे, आणि झापोरिझ्झिया येथील अणुवीजकेंद्राच्या शीतनाची व्यवस्थाही त्याच्याशी जोडलेली होती. ६ जून २०२३ रोजी, युद्ध चालू असता, हे धरण फुटले. खालच्या अंगाची गावे व खेरसोन शहराचा सखल भाग पाण्याखाली गेला, आणि वरच्या अंगाचा अवाढव्य जलाशय काही आठवड्यांत रिकामा झाला.

वर्गात या प्रदेशाची तीन चित्रे ठेवावी: २०२२ च्या उन्हाळ्यातील एक, जुलै २०२३ मधील दुसरे, आणि २०२४ च्या उन्हाळ्यातील तिसरे. अवरक्त प्रकाशाला तांबडा रंग देऊन तयार केलेले चित्र घेतले, तर हिरवळ त्यात तांबडी आणि पाणी काळे दिसेल. पहिल्या चित्रात काळे विस्तीर्ण पाणी आहे. दुसऱ्यात त्या जागी फिकट, उघडा गाळ आहे, आणि त्यातून नदीचे जुने फाटे वळणे घेत चालले आहेत. तिसऱ्या चित्रात मात्र तो गाळ ठिकठिकाणी लाल झालेला दिसतो. उघड्या पडलेल्या तळावर वाळुंजाच्या व पॉप्लरच्या जातीच्या रोपांचे दाट रान माजले आहे.

या तीन चित्रांवर काम करण्यास मोठी सामग्री लागत नाही. चित्रांच्या छापील प्रती, ट्रेसिंगचा कागद आणि आलेख-कागद एवढे पुरे. जुन्या जलाशयाचा काठ ट्रेसिंगच्या कागदावर गिरवावा, तो कागद नव्या चित्रावर ठेवावा, आणि चौकोन मोजून क्षेत्रफळ काढावे. १० मीटरांचा एक चौकोन म्हणजे १०० चौरस मीटर. असे १०० चौकोन म्हणजे एक हेक्टर. या हिशेबाने तो जलाशय सुमारे दोन कोटी पंधरा लाख चौकोनांचा होतो. मुलांनी एवढे मोजावयाचे नाही. परंतु नमुन्याचा लहानसा भाग मोजून पूर्णाचा अंदाज कसा बांधतात, हे त्यांना येथे उमगते.

यानंतरचे काम अधिक अवघड आहे. वहीच्या पानावर तीन रकाने आखावे. पहिल्यात ‘चित्रात काय दिसते’, दुसऱ्यात ‘त्यावरून काय अनुमान निघते’, आणि तिसऱ्यात ‘काय अन्यत्र विचारावे लागेल’. पहिल्या रकान्यात विद्यार्थी लिहील: काळा रंग गेला, फिकट रंग आला, मागाहून लाल आला. दुसऱ्यात लिहील: पाणी गेले, गाळ उघडा पडला, वनस्पती उगवली. येथवर सर्वांचे एकमत होईल. यानंतर एखादा विद्यार्थी उठून विचारील, ‘धरण फोडले कोणी?’ युक्रेनने रशियावर आणि रशियाने युक्रेनवर आरोप केला. त्या वेळी धरण रशियाच्या ताब्यात होते. या प्रश्नाच्या निर्णयासाठी भूकंपमापकांच्या नोंदी, स्थापत्यशास्त्रज्ञांचे परीक्षण, साक्षीदारांच्या जबान्या पाहाव्या लागतात. दहा मीटरांचा चौकोन त्यावर काही बोलत नाही. तो प्रश्न तिसऱ्या रकान्यात जातो. पुरात माणसे किती गेली, हाही प्रश्न तेथेच जातो.

हा तिसरा रकाना या संपूर्ण अभ्यासाचा प्राण होय. चित्र पाहून माणसाला बोलण्याचा मोह होतो, आणि डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर आपला विश्वास चटकन बसतो. ‘हे मला या चित्रावरून सांगता येत नाही’ असे म्हणावयास शिकणे ही कोणत्याही वयात कठीण गोष्ट आहे. ती चौदाव्या वर्षी साधली, तर पुढे वर्तमानपत्र वाचताना, भाषण ऐकताना आणि मोबाईलवरील चित्रापुढे थांबताना ती उपयोगी पडते.

रंगाचा अर्थ लावणे तर याहून फसवे आहे. काखोव्हकाच्या तळावर रान उगवले, हे पाहून कोणी म्हणेल, की निसर्गाने युद्धाची जखम भरून काढली. त्याच चित्रात थोडे दूर पाहावे. कालव्यांच्या काठची, फिरत्या नळांनी भिजणारी गोलाकार शेते पाण्यावाचून कशी झाली आहेत, तेही तपासावे. एका जागी हिरवळ वाढली आणि दुसऱ्या जागी सुकली. दोहोंचे कारण एकच. शिवाय तो जलाशय तरी मुळात कोठे होता? त्याच्याखाली नदीकाठची जुनी कुरणे आणि वस्त्या बुडाल्या होत्या. युक्रेनी लोक त्या प्रदेशाला ‘मोठे कुरण’ या अर्थाच्या नावाने ओळखत. धरणाखाली गेलेली गावे आपणांस नवी नाहीत. उजनीचे पाणी उतरले, की पळसदेवाचे प्राचीन मंदिर उघडे पडते, हे पुणे-सोलापूरकडील मुले जाणतात. ‘पूर्वीचे चित्र’ म्हणून आपण जे हाती घेतो, त्याच्याही पूर्वी काहीतरी होते, हा बोध येथे आपोआप होतो. १९५६ पूर्वीचे उपग्रहचित्र अस्तित्वातच नाही, कारण पहिला कृत्रिम उपग्रह गेला तोच १९५७ साली. त्यासाठी जुन्या कागदी नकाशांकडेच वळावे लागते.

दुसरी फसगत ऋतूंची. मे महिन्यातील मराठवाड्याचे चित्र आणि सप्टेंबरमधील मराठवाड्याचे चित्र शेजारी ठेवून परक्या माणसाला दाखवले, तर पहिल्यात काही भयंकर आपत्ती कोसळली असावी, असेच त्याला वाटेल. आपणांस ठाऊक असते, की मध्यंतरी केवळ मृगाचा पाऊस पडून गेला. हाच न्याय दुसऱ्यांच्या भूमीला लावावयास हवा. युक्रेनमधील हिवाळी गहू जुलैच्या सुमारास कापला जातो. ऑगस्टमधील उघडे शेत हे युद्धाचे चिन्ह नव्हे. उलट, भूसुरुंगांच्या भीतीने न पेरलेल्या शेतात तण माजते आणि दुरून ते पिकासारखे हिरवे दिसू शकते. म्हणून तुलना नेहमी त्याच महिन्याच्या चित्रांची करावी, आणि एका वर्षाशी न करता चार-पाच वर्षांशी करावी. आपल्या तालुक्याची दोन ऋतूंची चित्रे आधी अभ्यासावी आणि मग परदेशाकडे वळावे, हा क्रम मला श्रेयस्कर वाटतो. ज्या भूमीचे उत्तर ठाऊक आहे, तिच्यावर डोळा प्रथम कसून घ्यावा.

दीर्घ काळाचा धडा घ्यावयाचा असेल, तर दक्षिण इराककडे जावे. तैग्रिस व युफ्रेटिस या नद्यांच्या संगमाभोवती प्राचीन काळापासून पाणथळ प्रदेश पसरलेला आहे. बोरूसारख्या उंच गवताची घरे बांधून, म्हशी पाळून व मासेमारी करून राहणारे लोक तेथे वसले होते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने २००१ साली लँडसॅटच्या चित्रांवरून दाखवून दिले, की १९७३ ते १९७६ या काळात सुमारे ८,९०० चौरस किलोमीटर असलेला हा प्रदेश २००० सालापर्यंत सुमारे १,३०० चौरस किलोमीटरांवर आला होता. पाऊण भागाहून अधिक पाणथळ एका पिढीच्या आत नाहीशी झाली.

या चित्रांत विद्यार्थ्यांनी एक गोष्ट शोधावी, ती म्हणजे सरळ रेषा. निसर्ग मैलोगणती सरळ रेषा क्वचितच आखतो. नदी वळते, किनारा वाकतो. सरळ धावतो तो कालवा, बांध किंवा रस्ता. नव्वदीच्या दशकातील चित्रांत या पाणथळीतून अशा सरळ रेषा गेलेल्या दिसतात. रेषा माणसाने आखली, हे दुसऱ्या रकान्यात लिहिता येते. का आखली, हे इतिहास सांगतो. १९८० ते १९८८ च्या इराण-इराक युद्धात या भागात बांध घातले गेले. १९९१ च्या आखाती युद्धानंतर दक्षिणेत उठाव झाला, बंडखोरांनी पाणथळीचा आश्रय घेतला, आणि सद्दाम हुसेन यांच्या राजवटीने पाणी वळवून तो प्रदेशच कोरडा केला. हजारो कुटुंबे परागंदा झाली. याच काळात वरच्या अंगाला तुर्कस्तान, सिरिया व खुद्द इराक यांनी धरणे बांधली, त्यांनीही पाणी कमी केले. २००३ साली ती राजवट कोसळल्यावर लोकांनी बांध फोडले आणि काही भागांत पाणी परत आले. २०१६ साली हा प्रदेश जागतिक वारशाच्या यादीत गेला. तरी त्यानंतरच्या अवर्षणांत तो पुन्हा पुन्हा आटत राहिला आहे. युद्ध, सूड, धरणे आणि अवर्षण असे चार धागे येथे एकमेकांत गुंतले आहेत. चित्र त्यांची बेरीज दाखवते. वजाबाकी आपली आपण करावी लागते.

आणि कधी कधी हिरवा रंग जखम झाकून टाकतो. फ्रान्समधील व्हर्दुन येथे १९१६ साली सुमारे दहा महिने लढाई चालली. तोफगोळ्यांनी ती जमीन इतकी उलथीपालथी झाली, न फुटलेले गोळे आणि विषारी द्रव्ये यांनी इतकी भरून गेली, की युद्धानंतर तिचा मोठा भाग शेतीस निरुपयोगी ठरवून ‘लाल विभाग’ म्हणून वेगळा काढण्यात आला. तेथे वृक्षलागवड झाली. काही गावे पुन्हा वसलीच नाहीत. आज उपग्रहचित्रात तेथे सुंदर, सलग अरण्य दिसते. त्याच अरण्यावरून विमानाने लेसर किरण सोडून पानांच्या खालची जमीन मोजली, तर खंदक आणि गोळ्यांचे असंख्य खड्डे स्पष्ट उमटतात. काखोव्हकाच्या हिरवळीचा एक अर्थ, इराकच्या हिरवळीचा दुसरा आणि व्हर्दुनच्या हिरवळीचा तिसरा. ‘हिरवे म्हणजे चांगले’ हे सोपे समीकरण मुलांच्या मनातून येथे गळून पडावे.

यंत्राच्याही मर्यादा सांगितल्या पाहिजेत. साधा उपग्रह ढगांपलीकडे पाहू शकत नाही. त्यासाठी रडारचे उपग्रह आहेत. संथ पाण्यावर आदळलेली रडारची लहर दूर निसटून जाते, म्हणून पुराचे पाणी रडारच्या चित्रात काळे दिसते. विनामूल्य मिळणाऱ्या चित्रांत एखादे पडलेले घर ओळखता येत नाही. तितकी सूक्ष्म चित्रे बहुधा खासगी कंपन्यांकडे असतात, ती विकत घ्यावी लागतात आणि प्रसंगी रोखूनही धरली जातात. २००१ साली अफगाणिस्तानातील युद्धाच्या आरंभी अमेरिकी सरकारने इकोनॉस या खासगी उपग्रहाने घेतलेल्या त्या प्रदेशाच्या चित्रांचे सर्व हक्क काही काळ विकत घेऊन ठेवले होते. आकाशातला डोळाही कोणाच्या तरी मालकीचा असतो. संग्रहात चित्र नसेल, तर ते का नाही, हाही एक प्रश्न तिसऱ्या रकान्यात लिहावा.

शेवटी एक पथ्य. युद्धाचा हा अभ्यास रोमहर्षक करण्याचा मोह शिक्षकाने टाळावा. स्फोटाचे ठिकाण शोधण्याची शर्यत वर्गात लावू नये. कोणाचे वडील सैन्यात असतील, कोणाचे नातेवाईक परदेशी अडकले असतील. कोण जिंकले, हा प्रश्न दुसऱ्या तासाचा आहे. या तासाचा प्रश्न एवढाच, की येथे पाणी होते ते कोठे गेले, येथे पीक होते ते का नाही, आणि येथे राहणारा माणूस आता काय पितो व काय पेरतो. दहा मीटरांच्या एका चौकोनात अंगणासह एक लहान घर मावते. त्या घरातील माणसे मात्र त्या चौकोनात दिसत नाहीत. ती आहेत, ही जाणीव वर्गात प्रत्येक चित्रागणिक शिक्षकालाच जागी ठेवावी लागेल. चित्रासोबत म्हणून त्या प्रदेशातील एखाद्या शेतकऱ्याची वा विस्थापिताची प्रसिद्ध झालेली हकीकत अवश्य वाचून दाखवावी.

असा एखादा तास संपला, तर विद्यार्थ्याच्या वहीत पहिले दोन रकाने अर्धेच भरलेले असतील आणि तिसरा पानाच्या तळापर्यंत गेला असेल. शिक्षकाने त्याने निराश होऊ नये. पुढील तासाला ग्रंथालयात जाण्याचे कारण त्या तिसऱ्या रकान्यातच लिहिलेले असते.